चावीवाल्याला कधी बोलावतेस?

चि. मनू,



तुझी बारा पाहुण्यांची यादी काल मिळाली. पहिल्याच पॉडकास्टला ‘मुंबईचं पाणी’ हा विषय तू घेतलास याचा मला फार आनंद झाला. नळ सोडला की पाणी येतं, एवढ्यावर आपण सगळे आयुष्य काढतो. त्यामागे कोण कोण राबतं हे कुणी विचारत नाही, तू विचारतेयस. म्हणून यादी वाचून मनात आलं ते सगळं लिहिते.

पहिली दहा नावं निवृत्त अभियंते, पर्यावरणाचे अभ्यासक, पत्रकार, वास्तुरचनाकार अशांची. प्रत्येकासमोर कशाबद्दल बोलायचं ते तू नीट लिहिलंयस. शेवटी मात्र दोनच ओळी: ‘वस्तीतली एक बाई’ आणि ‘एक आदिवासी’. त्यांना नाव नाही, त्यांच्यापुढे विषयही नाही. मी तिथेच अडले. अभियंत्याला तू त्याला काय ठाऊक आहे म्हणून बोलावतेस आणि या दोघांना ते कोण आहेत म्हणून. माइकसमोर बसलेल्या माणसाला हे पहिल्या मिनिटात कळतं, मनू. मग तो गाऱ्हाणं सांगतो आणि गप्प होतो, कारण आपल्याला तेवढ्यासाठीच आणलंय हे त्याला उमगलेलं असतं.

माणसं शोधणं चार दिवस बाजूला ठेव आणि पाण्याच्या मागोमाग चालत जा. विहार तलाव १८६० चा, तानसा १८९२ चा, मग मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा. शहराची तहान वाढली तसं आपण पाणी लांबून लांबून आणत गेलो. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण तिथे शब्दशः खरी आहे. ‘एक आदिवासी’ या ओळीऐवजी तिथल्या पाड्यावरच्या बाईला विचार, कुठला झरा कुठल्या महिन्यात आटतो. टँकर विहिरीत रिकामा झाला की पहिला हंडा कोण भरतं? पोरीच्या शाळेची वेळ आणि टँकरची वेळ एकच आली तर घरात काय ठरतं? याची उत्तरं तुझ्या दहा जणांपैकी एकाकडेही नसतील.

‘वस्तीतली एक बाई’ ही ओळही तशीच उघडून बघ. मध्य वैतरणा धरण २०१४ साली सुरू झालं. त्याच वर्षी डिसेंबरात पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की वस्ती बेकायदा असली तरी तिथल्या माणसांना पाणी नाकारता येणार नाही. त्या निकालानंतर नळजोडणीचे कागद घेऊन वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवलेली बाई शोध. कुठला कागद चालतो, कुठला परत येतो, हे तिला तोंडपाठ असेल. आणि तिच्या पुढच्याच भागात अशी जोडणी द्यायला नको असं मनापासून मानणाऱ्या माणसाला बसव. सगळ्या जाती-वर्गांची माणसं आणून त्यांच्या तोंडून एकच मत ऐकवलं, तर ऐकणाऱ्याच्या हाती काय लागणार?

आणि चावीवाला? तो तुझ्या यादीत नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. कुठल्या गल्लीला किती वाजता आणि किती वेळ पाणी मिळणार, हे रस्त्याखालच्या व्हॉल्व्हवर ठरतं आणि तो व्हॉल्व्ह हीच माणसं फिरवतात. एकाबरोबर मी पहाटेचे दोन तास काढले होते. त्यानं पहारीनं लोखंडी झाकण उचकटलं, छातीइतकी उंच चावी आत बसवली आणि तोंडानं आटे मोजत फिरवायला लागला. मध्येच थांबून चावीच्या दांड्याला कान लावला. मला म्हणाला, “ताई, तुम्हीबी ऐका.” मी कान लावला. आधी नुसती खरखर, मग घशातून यावा तसा घोगरा आवाज, आणि मग सलग सूंऽऽ. “आता लागलं,” तो म्हणाला. चढावरच्या चाळीला पाणी पोचायला किती वेळ लागतो, खालच्यांनी मोटर लावली तर कुणाचा हंडा कोरडा राहतो, कुठल्या घरात लग्न आहे, सगळा नकाशा त्याच्या डोक्यात. तो सूंऽऽ आवाज माझ्या कानात अजून आहे. तुझ्या पहिल्या भागाची सुरुवात त्यानंच व्हावी असं मला वाटतं.

त्या पहाटेपर्यंत पोचायला मला एक मोठी चूक करावी लागली होती. रेडिओत नवी असताना पाणी भरण्यावर बोलायला मी एका घरकामवाल्या बाईंना स्टुडिओत बोलावलं. त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या. काचेपलीकडचा लाल दिवा लागला आणि त्या पुस्तकी मराठीत बोलायला लागल्या, “आम्ही समाधानी आहोत.” वीस मिनिटं तेच. नंतर गेटाबाहेर चहा पिताना मात्र अशा मोकळ्या बोलल्या, की मी कप धरून नुसती ऐकत राहिले. रेकॉर्डर आत राहिला होता. वर त्या दिवशी त्यांची दोन घरांची कामं बुडाली आणि हे मला आठ दिवसांनी, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तेव्हापासून मीच जाऊ लागले, त्यांच्या वेळेला, त्यांच्या ओट्यावर. पहिल्या भेटीत मशीन बाहेर काढायचं नाही. रोज बुडणार असेल तर तो आधी हातात द्यायचा. तज्ज्ञांना पगार किंवा पेन्शन असते, म्हणून ते फुकट येऊ शकतात. तुझ्या बजेटमध्ये या रोजाचा आकडा वरच्या ओळीत दिसला पाहिजे.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ चं पुस्तक मिळवून वाच. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या बायकांना त्या दोघींनी शोधून काढलं, भेटून बोलतं केलं. आपल्याकडे पाण्याची कुठलीही गोष्ट १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहापर्यंत जातेच. पण त्या चळवळीतल्या बायकांची नावं कुणाला ठाऊक होती? कुणीतरी विचारायला गेलं म्हणून ती कागदावर आली.

अभियंते सगळे काढू नकोस. एक ठेव आणि त्याला योजना विचारण्याऐवजी मोठी जलवाहिनी फुटली ती रात्र विचार. चर्चगेटजवळच्या भिखा बेहराम विहिरीवर प्रार्थनेला जाणारी एखादी पारशी आजीही बघ. विहीर १७२५ ची, समुद्र इतका जवळ असून पाणी गोडं. ती त्याबद्दल काय मानते, हे मला स्वतःला ऐकायचंय.

माझ्या ओळखीचे ते चावीवाले आता निवृत्त झालेत, पण त्यांचा पुतण्या त्याच कामावर आहे. काल त्यांना फोन केला. पुतण्याची पाळी या आठवड्यात पहाटे चारची आहे. शनिवारी रात्री माझ्याकडे मुक्कामाला ये, साडेतीनला निघू. रेकॉर्डर पिशवीतच असू दे.

तुझी,
मावशी