थांबण्याची सोय

गाडी किती पळते हे सांगणारी माणसे मला रोज भेटतात. ती थांबते कशी, हे आपणहून सांगणारा मनुष्य मात्र अजून भेटायचा आहे. नवी गाडी दारात आली की आपण नारळ फोडतो, चाकांखाली लिंबे ठेवतो, आळीभर पेढे वाटतो. आणि ज्याच्या भरवशावर हा सोहळा चालायचा, तो बिचारा ब्रेक कुणाच्या खिजगणतीतही नसतो.

आमच्या राहात्याच्या घरासमोर दर दिवाळीला एक मर्सिडीज येऊन उभी राहते. ती माझी नव्हे, कल्याणच्या लेकीची. तिनेही ती दुसऱ्या हाताने घेतलेली. 2010 सालच्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेतल्या व्यावसायिकांनी एकदमच दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या, ती बातमी पुष्कळांना आठवत असेल. लेकीची गाडी त्याच सालची नि त्याच शहरातली. आमच्या पिढीला तो तीन टोकांचा तारा तसा परका नाही. 1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि 1969 पर्यंत टाटांचे ट्रक तो तारा कपाळावर मिरवीत होते. उसाच्या बैलगाड्यांना वळसा घालून धुरळा उडवीत जाणारा तो तारा मी लहानपणी पाहिला आहे. तोच पुढे माझ्या ओट्यापाशी चकाकत उभा राहील, असे मात्र वाटले नव्हते.

त्या चकाकीच्या पोटात एक बारकी डबी असते. तिच्यातल्या द्रवाला सारे जग ब्रेक ऑइल म्हणते, पण ते तेल नव्हे. खरे तेल घातले तर आतली रबरे फुगतील आणि खेळ खलास होईल. ग्लायकॉलच्या जातीतला हा द्रव मोठ्या गुणाचा. पण त्याला एक व्यसन आहे, पाणी पिण्याचे. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, गूळ पाझरू लागतो. तसा हा द्रवही बंद नळ्यांत बसल्या बसल्या रबराच्या भिंतींतून हवेतली ओल चोरून पितो. ‘डॉट-4’ जातीचा द्रव कोरा असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये, असे प्रमाण आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की हीच हमी 155 अंशांवर उतरते. म्हणून बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी तो बदलावा लागतो.

कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला की तो सर्वत्र सारखा पोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत फळ्यावर खडूने लिहिला. 1921 साली अमेरिकेत ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना त्या नियमाने लगाम घातला, हेही मुलांना सांगितले. पण नियमात एक मेख आहे. द्रव दबत नाही, वाफ दबते. घाट उतरताना ब्रेक तापतात, त्यांची धग द्रवाला लागते, त्यातले पाणी उकळते. मग पायाचा सगळा जोर त्या बुडबुड्यांना चेपण्यातच संपतो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. गंमत अशी, की आमच्या राहात्यासारख्या सपाट मुलखात हा दोष वर्षानुवर्षे कळत नाही. शिर्डीला जा, लोणीला जा, ब्रेक उत्तम लागतो. तो दगा देतो उतारावरच.

“माळशेज उतरताना पाय जरा खोल गेला बाबा,” असे लेक एकदा सहज बोलून गेली. तिचा तो ‘सहज’ शब्द मी आठवडाभर चघळीत बसलो. मागच्या सीटवर नातू असतो.

या गाडीचे मोठे वर्कशॉप गाठायचे तर नाशिक नाही तर संभाजीनगर. दिवाळीत कोण दार उघडणार? मी सीलबंद डबा मागवून घेतला (एकदा उघडलेला डबाही ओल पितोच) आणि गेल्या पाडव्याला सकाळीच गाडी घोड्यांवर चढवून चाके काढली. शेजारचे आबा कुंपणावरून म्हणाले, “काय गुरुजी, मर्सिडीजवाले झालात न् हात काळे?” मी म्हटले, “आबा, बैल जातिवंत असला तरी त्याची वेसण आपल्यालाच बघावी लागते.”

हे काम एकट्याचे नव्हे. एकाने आत बसून पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाशी बसून निपल उघडायचे. पाडव्याची ओवाळणी म्हणून मी हिला सीटवर बसवले. जुन्या गाडीचे पेडल पार तळाला जाऊ नये, म्हणून खाली मोडक्या पाटाचा तुकडा ठेवला. डबीतला जुना द्रव उपसून नवा भरला आणि सर्वांत लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून आरंभ केला.

“दाब.”

“दाबलं.”

“धर.” मी निपल पाव फेरा सैल केले. पारदर्शक नळीतून चहाच्या रंगाचा द्रव बाटलीत उतरला.

“अहो, पाय खाली खाली चाललाय!”

“जाऊ दे. पण मी सांगेपर्यंत उचलू नकोस.”

सगळी मेख या एका वाक्यात आहे. निपल बंद होण्याआधी पाय उचलला, तर हवा आत शिरते आणि केलेले सारे वाया जाते. मला तिचा पाय दिसत नव्हता, तिला माझा हात दिसत नव्हता. मध्ये होता तो फक्त शब्द. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांचे इतके मुकाट्याने कधी ऐकले नव्हते. दर पाचसहा खेपांनी मी उठून डबी भरीत होतो; ती रिकामी पडली तर हवा थेट एबीएसच्या पेटीत जाऊन बसते, आणि मग यंत्र लावल्याखेरीज निघत नाही. चौथ्या चाकाशी नळीतला द्रव स्वच्छ फिकट झाला, तेव्हा हिने विचारले, “आता दगडासारखं लागतंय. बिघडलं का काही?”

“नाही,” मी म्हटले, “सुधारलं.”

रंगावर थेंब सांडला तर रंगच उचलून नेणारा तो द्रव आहे. जिथे पडला असेल तिथे पाण्याने धुऊन काढले. जुना मात्र पेरूच्या बुंध्याशी ओतला नाही. बाटलीत घट्ट बंद करून गॅरेजवाल्याच्या जुन्या तेलापासून वेगळा ठेवायला दिला. मग गल्लीतून सावकाश दोन चकरा मारून पाहिल्या.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी लेक निघाली. संगमनेर, आळेफाटा, ओतूर. मी घड्याळावर तिच्याबरोबर प्रवास करीत होतो. घाटाखालच्या टोकावड्याहून तिचा फोन आला. घाटात कसे काय झाले, असे मी विचारले.

“कसं काय म्हणजे?” ती म्हणाली. “काहीच नाही झालं, बाबा.”

हिने दुरूनच खुणेने विचारले, काय म्हणते? मी म्हटले, “काहीच नाही म्हणते.” आणि कित्येक दिवसांत इतकी चांगली बातमी आम्ही ऐकली नव्हती.