एकाचा समुद्र, दुसऱ्याचे तळे

जर्मन माणूस ‘मेर’ म्हणाला की समुद्र, आणि ‘झे’ म्हणाला की बहुधा तळे. सीमा ओलांडून नेदरलँड्समध्ये गेले की नेमके उलटे : तिथे ‘झे’ म्हणजे समुद्र आणि ‘मेर’ म्हणजे तळे. उच्चार जवळजवळ तेच, मूळ तेच, भाषा सख्ख्या बहिणी. अर्थांची मात्र अदलाबदल. जर्मॅनिक भाषाकुलात अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. ‘गिफ्ट’ इंग्रजीत भेटवस्तू आणि जर्मनमध्ये विष, हे तर अनेकांना ठाऊक असते. पण पाण्याच्या या दोन शब्दांइतके बोलके उदाहरण मला दुसरे वाटत नाही, कारण इथे अर्थ का हलले ते भूगोलात अजूनही पाहता येते.

जर्मनमध्येही मामला सरळ नाही. ‘झे’ पुल्लिंगी असेल तर सरोवर, स्त्रीलिंगी असेल तर समुद्र. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामध्ये पसरलेले बोडेनझे गोड्या पाण्याचे. उत्तरेकडचे नॉर्डझे आणि ऑस्टझे मात्र समुद्र, म्हणजे इंग्रजी नकाशावरचे नॉर्थ सी आणि बाल्टिक. समुद्राचा हा स्त्रीलिंगी ‘झे’ उत्तरेच्या किनारी बोलींचा वारसा आहे. त्याच उत्तरेत, हॅनोवरजवळ, श्टाइनहुडर मेर आहे. नाव ‘मेर’, पण प्रत्यक्षात ते सुमारे २९ चौरस किलोमीटरचे, जेमतेम दीड मीटर सरासरी खोलीचे तळे. डच पद्धत राजकीय सीमेपाशी थांबत नाही, हे या एका नावावरून कळते.

मग मूळ अर्थ कोणता? चौथ्या शतकात बिशप वुल्फिला यांनी बायबल गॉथिक या जुन्या जर्मॅनिक भाषेत आणले. जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली त्याची एक प्राचीन प्रत स्वीडनमध्ये उप्साला इथे आहे. गालीलच्या एकाच सरोवराला ग्रीक मुळात शुभवर्तमानकार मार्क ‘समुद्र’ म्हणतो आणि लूक ‘सरोवर’. गॉथिकने हा भेद पाळला : मार्कमध्ये ‘मारी’, लूकमध्ये ‘सैव्स’. हे अनुक्रमे ‘मेर’ आणि ‘झे’ यांचेच नातलग. पण लूकच्याच आठव्या अध्यायात त्याच सरोवरासाठी दोन्ही शब्द जोडून ‘मारिसैव्स’ येतो! मला यात भाषांतरकाराचा गोंधळ दिसत नाही. मोठ्या साचलेल्या पाण्यासाठी हे दोन्ही शब्द चालत असावेत, आणि खारे-गोडे, खुले-बंदिस्त ही वाटणी प्रत्येक भाषेने पुढे आपापल्या परीने केली असावी. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय आपण नाथसागर म्हणतो आणि कोयनेचा शिवसागर.

ही वाटणी कशी होते, याचे सर्वांत ठळक उत्तर नेदरलँड्सच्या मध्यभागी आहे. रोमन लेखकांनी तिथे फ्लेवो नावाचे सरोवर नोंदवले. मध्ययुगाच्या आरंभी त्या पाण्याला आल्मेरे म्हणत; त्यातला ‘मेरे’ म्हणजे तळेच. पुढे उत्तर समुद्राच्या वादळांनी मधली सखल, दलदलीची जमीन खाल्ली, खारे पाणी आत शिरले आणि सरोवराची झाली झाउडरझे, अर्थात दक्षिणेचा समुद्र. काही शतके तो समुद्रच होता. त्यात मासेमारी चाले, त्याच्या काठी बंदरे वाढली. २८ मे १९३२ रोजी ३२ किलोमीटर लांबीच्या आफ्सलाउटडायक या बांधाने त्याचे तोंड बंद केले. आयसेल नदीचे गोडे पाणी येत राहिले, खारटपणा काही वर्षांत गेला, आणि जलाशयाचे नवे नाव पडले आयसेलमेर. तेच ठिकाण आधी ‘मेर’, मग ‘झे’, मग पुन्हा ‘मेर’! पुढे त्यातून बाहेर काढलेल्या जमिनीवर शहर वसवले गेले, त्याला त्या मध्ययुगीन सरोवराचेच नाव दिले. आल्मेरे शहरात पहिले रहिवासी १९७६ साली आले.

हार्लेमरमेर हे दुसरे डच तळे तर १८५२ मध्ये वाफेच्या पंपांनी पूर्ण उपसले गेले. स्किपोल विमानतळ आज त्या कोरड्या तळ्याच्या तळावर आहे, पण त्या भागाचे नाव अजून ‘मेर’च.

स्कँडिनेव्हियाच्या भाषांनी ‘मेर’ला बाजूला सारून समुद्रासाठी ‘हाव’ हा शब्द घेतला. ‘झे’चा डॅनिश नातलग ‘सो’ एरवी तळे, पण नॉर्थ सीच्या डॅनिश नावात तोच समुद्र. नॉर्वेजियनांनी ‘हाव’बरोबर समुद्राला ‘श्यो’ही ठेवले आणि तळ्याला ‘आतला श्यो’ असे वेगळे नाव दिले. इंग्रजीत ‘सी’ समुद्रावर स्थिरावला, ‘मिअर’ विंडरमिअरसारख्या सरोवरांच्या नावांत उरला, पण ‘मर्मेड’मध्ये, समुद्रकन्येमध्ये, त्याचा जुना समुद्र शाबूत राहिला.

महाराष्ट्रात जर्मन शिकणाऱ्यांची आणि जर्मनमधून थेट मराठीत अनुवाद करणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्यांना एक विनंती : मजकुरात ‘झे’ आला की शब्दकोश उघडण्याआधी त्याचे लिंग पाहा, आणि नाव उत्तरेकडचे किंवा डच असेल तर नकाशाही उघडा.