तारेचे दुखणे

२००४ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. आम्ही तेव्हा बेळगावच्या एका पतसंस्थेत संगणक सांभाळीत होतो. निपाणी शाखेची खाती आमच्याकडे. मध्ये भाड्याची डेटा लाइन. पाऊस लागला की तिच्यात चुका सुरू, ऊन पडताच ती निर्दोष! तक्रारीवरून मनुष्य यायचा तो नेमका कोरड्या दिवशी, आणि 'लाइन ठीक' असा शेरा मारून जायचा.

तिकडे तंबाखूचे जमा पैसे पेरणीसाठी काढायला आलेले शेतकरी ताटकळत. एका आजोबांनी फोनवरच विचारले, "साहेब, पैसा बेळगावात अडकलाय की तारेत?" आम्ही निरुत्तर झालो.

अखेर भर पावसात आम्ही लूपबॅक करून पाहिले, म्हणजे पाठविलेला संकेत वाटेतूनच माघारी फिरवून तपासला. आमच्या मोडेमपासून फिरविला, स्वच्छ परतला. निपाणीच्या एक्स्चेंजमधून फिरविला, तरीही स्वच्छ. शाखेच्या मोडेमपासून फिरविताच मात्र चुकांचा सडा पडला. पाऊणशे किलोमीटर निर्दोष, दोष शेवटच्या दोन फर्लांगांत! लाइनमनने खड्डा उकरला, तर तांब्याच्या जोडात पाणी शिरून हिरवट गंज चढलेला. जोड नवा बांधला.

दुसऱ्या दिवशी कोसळत्या पावसात रकमा निघाल्या. आजोबा मात्र आदल्याच दिवशी सावकाराकडे जाऊन आले होते.