टीव्ही "गेला" म्हणण्याआधी टॉर्च मारून पहा

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. पण तुमच्या गावात शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा टीव्ही धूळ खात पडला असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

22 जून 2015 च्या शासन निर्णयानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि गावोगावी शाळा डिजिटल करायची हवा सुटली. आपल्या प्रतापगड भागातही लोकांनी धान विकून, मजुरीतून वर्गणी दिली. अशाच एका शाळेचा 32 इंची टीव्ही मागच्या पावसाळ्यापासून खोड काढू लागला. दहा-पंधरा मिनिटं चित्र दिसे, मग स्क्रीन काळी. आवाज मात्र चालूच. बंद करून थोड्या वेळानं लावला, की पुन्हा ठणठणीत.

तालुक्याहून मेकॅनिक आला, की नेमका टीव्ही नीट चाले. "काहीच तं नाही झालं जी," म्हणून तो परत. मग दुसरा आला. त्यानं मागचं झाकणही न काढता सांगून टाकलं, "पॅनल गेलं. नवीन घ्या." झालं! टीव्हीचं नाव निर्लेखनाच्या यादीत.

मी आयटीआय केलेला माणूस, पंखे-मोटारी दुरुस्त करतो. गुरुजींना म्हटलं, यादी आठ दिवस थांबवा.

स्क्रीन काळी झाली, की खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा मारायचा. पुसट का होईना, चित्र हलताना दिसलं, म्हणजे पॅनल जिवंत आहे. फक्त त्याच्या मागचा उजेड, म्हणजे बॅकलाईट गेला. आमच्या टीव्हीत चित्र दिसलं. वर्गातली पोरंच ओरडली, "दिसते जी, दिसते!"

पुढचा प्रश्न: कधी जातो? गुरुजींना वहीत लिहायला सांगितलं. लावल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि तेव्हाचं लाईनचं व्होल्टेज. आठ दिवसांत चित्र साफ झालं. व्होल्टेज 215 ते 230 च्या मधे, म्हणजे लाईनचा दोष नाही. आणि जायचा तो दरवेळी तापल्यावरच. थंड असताना कधीच नाही.

असं का होते? स्क्रीनच्या मागं एलईडीच्या पट्ट्या असतात. पट्टीतले दिवे माळेसारखे एकापुढे एक जोडलेले. एका दिव्याचा टाका सैल झाला, की तापल्यावर तो सुटतो आणि माळ तुटते. ड्रायव्हर सर्किटला हे कळते आणि ते सगळाच उजेड बंद करते. थंड झाल्यावर टाका पुन्हा चिकटतो. म्हणून मेकॅनिक येईपर्यंत टीव्ही बरा झालेला असतो!

टीव्ही ओळखीच्या कारागिराकडं नेला. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले नव्हते. मीटर लावून तापू दिला. उजेड गेला त्या क्षणी पट्टीचं व्होल्टेज एकदम वर उडालं. मग एलईडी टेस्टरनं एकेक दिवा तपासला, तर एक दिवा लुकलुकत होता. एक दिवा गेला की बाकीचेही वयानं थकलेले असतात, म्हणून सगळ्याच पट्ट्या बदलल्या. मजुरीसकट खर्च साडेबाराशे. टीव्ही आज वर्गात आहे.

मुद्दा साडेबाराशेचा नाही. मुद्दा हा, की पाच मिनिटांची तपासणी कोणी केली नाही, म्हणून गावाच्या घामाचा पैसा भंगारात चालला होता. असे किती टीव्ही गेले असतील? निर्लेखनाच्या अर्जासोबत "बिघाड नेमका काय, कसा तपासला, दुरुस्तीचा खर्च किती" हे तीन रकाने भरलेच पाहिजेत, असा ठराव शाळा व्यवस्थापन समिती करू शकते, ग्रामसभाही करू शकते. त्याला वेगळा निधी लागत नाही.

घरच्या टीव्हीसाठीही सांगतो. सेटिंगमधे 'बॅकलाईट' शंभरवर असेल तर साठच्या आसपास आणा. दिवे कमी तापतात, जास्त टिकतात. बऱ्याच टीव्हीत 'ब्राइटनेस' वेगळं असते, ते कमी करून दिव्यांचा भार कमी होत नाही. झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमधे तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. वॉरंटीतला टीव्ही कोणी न तपासता "गेला" म्हणत असेल, तर ते लिहून मागा. लिहून देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार करा.

आणि खरंच पॅनल फुटलं असेल, तर टीव्ही भंगारवाल्याला तोडायला देऊ नका. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत टीव्हीही येतो. तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडंच गेला पाहिजे.

तुमच्या शाळेत असा टीव्ही पडून असेल, तर उद्याच टॉर्च मारून पहा आणि काय दिसलं ते खाली लिहा. पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर पाठवा.