शाखा काढू पाहणाऱ्या एका विश्वस्तास



मेलबर्नहून परतल्यावर आपण धाडलेले पत्र आणि त्यासोबतचा नकाशा या दोहोंनी पत्रलेखकाची झोप उडवली आहे, हे आरंभीच नोंदवणे भाग आहे. आपला प्रश्न तसा साधा होता: जिलाँग ग्रामर स्कूल एवढी कशी वाढली? परंतु त्या प्रश्नाच्या पाठोपाठ आपल्या संस्थेच्या चार नव्या शाखा पाच वर्षांत उभ्या राहतील, असे जे वाक्य आले आहे, ते वाचल्यावर नुसत्या इतिहासावर थांबणे शक्य नाही.

इतिहास असा. जिलाँग ग्रामर ही ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातली अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील शाळा असून तेथील वर्गवारीत ती ‘स्वतंत्र’ ठरते. स्वतंत्र याचा अर्थ सरकारी शिक्षणखात्याने न चालवलेली, स्वतःच्या नियामक मंडळाच्या अधीन असलेली. अशा शाळांना सरकारचा पैसा शिवत नाही, हे आपले विधान मात्र दुरुस्त करावे लागेल, कारण १९६४ पासून विज्ञान-प्रयोगशाळांसाठी आणि १९७० पासून विद्यार्थिसंख्येच्या हिशेबाने केंद्राचे अनुदान त्यांना मिळत आले आहे. (लेखापरीक्षकासमोर बसलेल्या माणसाने असे ऐकीव लिहू नये.) शाळा १८५५ मध्ये निघाली, १८६० मध्ये पैशाच्या ओढाताणीने बंद पडली, १८६३ मध्ये पुन्हा उघडली आणि १९१४ मध्ये जिलाँग गावातून उठून कोरिओ येथे खाडीकाठच्या मोकळ्या जागेत वसली. आपण ज्या इमारतींची छायाचित्रे पाठवली आहेत, त्यांच्यामागे ही तीन वर्षे कुलूप लागलेली शाळाही आहे, याचा उल्लेख पत्रात कोठेच नाही.

१९३० ते १९६१ एवढा प्रदीर्घ काळ मुख्याध्यापक असलेल्या जेम्स डार्लिंग यांच्या कारकिर्दीत शाळेचा विस्तार झाला, आणि त्या विस्तारातच या पत्राचा मुख्य मुद्दा दडलेला आहे. मेलबर्नच्या तूराक या उपनगरातील ग्लॅमॉर्गन ही शाळा १९४७ मध्ये घेतली गेली ती लहान मुलांसाठी. मॅन्सफील्ड गावाजवळच्या डोंगराळ रानात १९५३ मध्ये टिंबरटॉप उभे राहिले ते सुमारे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. तेथे एका इयत्तेने संपूर्ण वर्ष काढायचे, अभ्यास तर करायचाच, पण आंघोळीला गरम पाणी हवे असेल तर लाकडेही स्वतः फोडायची, डोंगर पायांखाली घालायचे, लांब पल्ल्याच्या धावा धावायच्या आणि घरापासून दूर, थोड्या सोबत्यांच्या संगतीत दिवस निभवायचे, अशी ही योजना आहे. ब्रिटनचे आजचे राजे चार्ल्स १९६६ मध्ये तेथे राहून गेले, हे आपण दोनदा लिहिले आहे. एकदा पुरे होते. महत्त्वाचे हे की टिंबरटॉप म्हणजे कोरिओची नक्कल नव्हे. कोरिओत जे होणे शक्य नव्हते, त्यासाठी ती जागा शोधली गेली. आपल्या नकाशावरील चारही आवारांत मात्र तेच वर्ग, तोच गणवेश, तेच प्रवेशद्वार आणि तीच पाटी आहे. मग वाढले काय, हा प्रश्न विचारावाच लागतो.

शाळा जागेने वाढत नाही, माणसाने वाढते, हे पत्रलेखकाचे जुनेच तुणतुणे असून त्याला आपण बोर्डिंगच्या दिवसांपासून कंटाळलेले आहात. तरीही एक उदाहरण ऐकावे. लुडविग हिर्शफेल्ड-माक हे जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत घडलेले चित्रकार, युद्धकाळात ‘शत्रुदेशीय’ म्हणून ऑस्ट्रेलियातील छावणीत डांबले गेले होते. डार्लिंग यांनी खटपट करून त्यांना सोडवले आणि १९४२ मध्ये कलाशिक्षक नेमले. एकही वीट न रचता त्या वर्षी शाळा जेवढी वाढली, तेवढी पुष्कळ शाळा नवा मजला चढवूनही वाढत नाहीत. घरचे उदाहरण हवे असेल तर नगरचेच घ्यावे: तेथील मिशनरी मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून प्रेरित झालेल्या जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली, तिच्यावर मिशनची पाटी नव्हती, तरी फरारबाईंच्या कामाचा विस्तार म्हणून तीच आधी मोजावी लागेल. आपल्या अहवालात अशा विस्तारासाठी रकाना नसतो.

आणखी एक गोष्ट आपण जिलाँगची शाळा दाखवणाऱ्या मार्गदर्शकाला विचारलेली दिसत नाही. १९७६ मध्ये क्लाइड आणि द हर्मिटेज या दोन मुलींच्या शाळा जिलाँग ग्रामरमध्ये विलीन झाल्या, परंतु वुडेंड येथील क्लाइडचे आवार विलीनीकरणानंतर राखले गेले नाही. तेथे दुसरीच शाळा सुरू झाली. वाढीच्या वर्षीच हातची जागा सोडली गेली, यातून काही घ्यावेसे वाटले तर घ्यावे.

आता जे लिहिताना हात अडखळतो ते. २०१५ मध्ये बालकांवरील लैंगिक अत्याचारांना संस्थांनी दिलेल्या प्रतिसादाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या उच्चाधिकार आयोगाने, याच शाळेतील जुन्या तक्रारींविषयी जाहीर सुनावणी घेतली. प्रार्थनामंदिर, परंपरा, नामवंत माजी विद्यार्थी हे सारे असूनही वसतिगृहातल्या मुलाचे म्हणणे वरपर्यंत पोचत नाही, असे घडू शकते. आणि आवारे जितकी विखुरलेली, तितके ते अंतर वाढते. आपल्या आराखड्यात जलतरण तलावाला अर्धे पान आहे, चार वसतिगृहांवर मिळून एकच चॅप्लिन, म्हणजे शाळेचा आध्यात्मिक पालक, ठेवला असून तो आठवड्यातून एकदा फिरणार आहे, आणि रेक्टरच्या जागी ‘नंतर ठरवू’ असे पेन्सिलीने लिहिले आहे. त्या मुलीच्या प्रकरणानंतर, जिच्यासाठी आपण दोन रात्री व्हरांड्यात बसून काढल्या होत्या, आपल्या हातून असे लिहिले जावे याचे दुःख होते.

शिवाय कर्ज फेडायचे तर फी वाढणार, आणि फी वाढली की वाडीवरची मुले गळणार, हे गणित आपणच एकेकाळी सिनॉडच्या, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधिमंडळाच्या, सभेत मांडले होते. जिलाँग ग्रामर ही ऑस्ट्रेलियातील महागड्या शाळांपैकी आहे आणि तिथल्या सुबत्तेला ते पेलते. आपल्याकडच्या मिशनशाळेची पुण्याई वेगळ्या मुलांवर उभी आहे.

जमिनीच्या करारावर पुढच्या महिन्यात सह्या होणार असल्याचे कळते. त्याआधी चारही ठिकाणी मुक्कामाला राहण्यास तयार असलेल्या शिक्षकांची नावे कागदावर लिहून पाहावीत. दोनच भरली, तर दोनच शाखांचा करार करावा, आणि एकही भरले नाही तर वकिलांची फी बुडाली तरी चालेल. लेकीला आशीर्वाद कळवावेत. उत्तर लवकर यावे.