रूबेची दगडी वाट
इंदूरच्या मिलमध्ये आजोबांची उमर गेली, त्यामुळे उत्तर फ्रान्समधलं रूबे हे जुन्या कापडगिरण्यांचं गाव मला परकं वाटलं नाही. गावाबाहेर शेतांमधून दगड बसवलेली वाट जाते. तिच्यावर नुसतं चालतानाही पाय मुरगळतो; पॅरिस-रूबे शर्यतीत इथून सायकली धावतात! पुरुषांची १८९६ पासून, बायकांची मात्र २०२१ पासून.

त्या पहिल्याच वर्षी पाऊस, चिखल. ट्रेक-सेगाफ्रेडो संघात लिझी डाइग्नन खरं तर इतर दोघींच्या मदतीला होती. पण ती पुढे निघाली आणि सुमारे ८० किलोमीटर एकटीच राहिली. जिंकली तेव्हा हँडलला हातांचं रक्त लागलेलं. बक्षीस १,५३५ युरो. पुरुष विजेत्याला ३०,०००. फरक संघानं भरून दिला. पुढच्या वर्षी त्याच संघाची एलिसा लोंगो बोर्गीनी जिंकली.