पिग्मीवाले काका

आई मंडईच्या तोंडाशी भाजीची पाटी घेऊन बसायची. तिथून बँक शंभर पावलांवर होती, पण आई तिची पायरी कित्येक वर्षे चढली नाही. बँकेत पैसे भरायची खिडकी दुपारीच बंद व्हायची आणि आईच्या हातात पैसा यायचा दिवेलागणीला. घरी पोहोचेपर्यंत त्याला रॉकेल, तेल, उसनवारी अशा वाटा फुटायच्या. त्याआधी, नेमक्या वेळेला, सायकलवरून पिग्मीवाले काका यायचे.

"वहिनी, आज किती?" कधी पाच, कधी दहा. पावसाची झड लागून पाटी तशीच राहिली, तरी ते थांबायचे. "दोनच रुपये टाका, पण खाडा नको." आईला अक्षरओळख नव्हती, म्हणून कार्डावरचा आकडा ते मला मोठ्याने वाचायला लावायचे. "आधी आकडा बघ, मग पैसे दे. मी कितीही ओळखीचा असलो तरी!" हिशेबाचा पहिला धडा मी शाळेत नाही, त्या पाटीशेजारी शिकलो.

पिग्मीची कल्पना मूळची उडुपीची. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या बँकेने 1928 साली रोज दोन-दोन आणे दारोदार जाऊन गोळा करायला सुरुवात केली. आपल्याकडच्या सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनीही ती रीत उचलली. काकांना पगार नव्हता. जमा होईल त्यावर कमिशन, एवढीच त्यांची कमाई. बँकांसाठी अशा ठेवी गोळा करणारे हेही कामगारच, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते 2001 मध्ये.

मला डिप्लोमाला प्रवेश मिळाला आणि फी कमी पडली. आई पिग्मी मोडायला निघाली. काकांनी अडवले. "मुदतीआधी मोडलीत तर कमिशन कापलं जाईल, व्याजही जाईल. पिग्मीवर कर्ज मिळतं." अर्ज त्यांनीच लिहिला, आईने अंगठा उठवला. दुसऱ्या दिवशी आपली फेरी उशिरा सुरू करून ते आईला बँकेत घेऊन गेले. आई बँकेची पायरी पहिल्यांदा चढली, ती त्यांच्याबरोबर. माझी फी भरली गेली आणि पिग्मीही चालू राहिली.

आज मी फोनवरून पैसे भरतो, मधे कोणी लागत नाही. ही सोय मोठी आहे आणि ती मला हवीच आहे. पण रोजच्या कमाईवर जगणाऱ्या, अक्षर न येणाऱ्या माझ्या आईपर्यंत बँक पोहोचली ती एका माणसाच्या पायांनी. माझे शिक्षण त्या सायकलच्या फेऱ्यांवर झाले. हे ऋण कमिशनमध्ये फिटलेले नाही.

तुमच्या दुकानात, दारात अजून असे कोणी येत असेल, तर पावती जरूर तपासून घ्या. आणि त्यांना पाणी विचारा.